वाघ दोनशे मीटरवर, वानर वीस मीटरवर

दीड वर्षापूर्वी माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, "जड काही उचलायचं नाही," तेव्हा मला भाजीची पिशवी आठवली नाही, कपाटातला कॅमेरा आणि त्याची बंबासारखी लेन्स आठवली. दोन्ही विकून टाकलं आणि आलेल्या पैशांतल्या थोडक्यात एक सेकंडहँड सुपरझूम घेतला. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, लेन्स बदलायची भानगड नाही, आणि झूम 65 पट. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या, हिशेबात 21 मिलिमीटरपासून 1365 मिलिमीटरपर्यंत. दुकानदाराने समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची कपड्यांची चिमटी दाखवली आणि मी पैसे मोजले.

मग हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेले आणि तीन तासांत चारशे फोटो काढून आणले. एकूण एक मऊ. बदकांची पिसं पाण्यात भिजलेल्या कागदासारखी. नागपूरला दादाला फोनवर हे रडगाणं ऐकवलं, तर तो म्हणाला, "मार्चच्या पहिल्या आठवड्यात ये. नंतरचं ऊन तुझ्यानं सोसवणार नाही. पेंचला जाऊ, आणि आपलं पोट्टं तुझा कॅमेरा पाहून देईल."

पोट्टं म्हणजे माझा पुतण्या. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्याकडे दोन किलोची लेन्स आहे.

दिवस पहिला

विदर्भ एक्सप्रेसने सकाळी उतरले, आंघोळ झाली, जेवण झालं, आणि दुपारी बैठकीत माझ्या कॅमेऱ्याची झडती सुरू झाली. पुतण्याने मेन्यू उघडला आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, तू डिजिटल झूम चालू ठेवून फोटो काढून राहिली होती का इतके दिवस?"

होते खरी. 65 पटीच्या पुढे गेलं की कॅमेरा लेन्स हलवत नाही, आहे तोच फोटो कापून फुगवतो, हे मला माहीत होतं. ते आपोआप सुरू होतं, हे माहीत नव्हतं. ते बंद केलं.

वहिनी समोर तूरडाळ निवडत होती. पुतण्याने ताटातला एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "तुझा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा तुकडा, याच्यापेक्षा जरासाच मोठा. सहा मिलिमीटर बाय साडेचार." फुलफ्रेमचा 36 बाय 24 असतो, म्हणजे क्षेत्रफळ तीसपट. या दाण्यावर दोन कोटी पिक्सेल बसवलेले. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा उजेड किती, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. त्यात पूर्ण झूमला लेन्सचं छिद्र एफ 3.4 वरून एफ 6.5 वर येतं, म्हणजे होता त्या उजेडाचा जेमतेम पाव हिस्सा उरतो. मग कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवतो, त्याने फोटोत रवाळ ठिपके येतात, ते पुसायला तो स्वतःच हात फिरवतो, आणि त्या पुसण्यात पिसंही पुसली जातात. माझी नांदूरची बदकं अशी भिजली होती.

दुसरी चूक जुन्या सवयीची. मोठ्या कॅमेऱ्यावर मी कायम एफ 8 ठेवायचे, सगळं रेखीव येतं म्हणून. इथे उलटं होतं. इतक्या लहान सेन्सरवर छिद्र बारीक केलं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो, आणि प्रत्येक ठिपका शेजारच्या पिक्सेलवर सांडतो. त्यामुळे छिद्र जेवढं उघडेल तेवढं उघडं ठेवायचं. पुतण्याने आयएसओला 800 ची मर्यादा घातली, फोकसची चौकट सगळ्यात लहान केली, रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने हात न फिरवलेला कच्चा फोटो, चालू केलं, आणि कॅमेरा परत देताना म्हणाला, "आता तू चुकली तर तू चुकली."

संध्याकाळी अंबाझरीच्या बांधावर गेलो. 2023च्या सप्टेंबरात हाच तलाव ओसंडून निम्म्या गावाची झोप उडवून गेला होता. आता पाणी गुमान पडून होतं. फोटोंच्या दृष्टीने ही फेरी फुकट गेली, आणि चूक आमचीच. बांध तलावाच्या पूर्वेला. संध्याकाळी तिथे उभं राहिलं की मावळता सूर्य थेट लेन्समध्ये. समोरचा पाणकावळा म्हणजे काळी कात्रणं. मी आपली फिरायला आलेल्या लोकांत मिसळून भेळ खाल्ली. वीस वर्षं नागपुरात काढलेल्या दादाला ही दिशा आधी सुचली नाही, यावर वहिनीने घरी जाईपर्यंत त्याला सोडलं नाही.

दिवस दुसरा

सकाळी पावणेसातला पुन्हा तोच बांध. आता सूर्य पाठीमागे, पाण्यावर सपाट पिवळा उजेड, आणि कवड्या खंड्या कामाला लागलेला. हा पक्षी शिकाऊ माणसासाठी देवाने पाठवलाय, कारण सूर मारण्याआधी तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो. अर्थात तो थांबतो, पण 1365 मिलिमीटरला मला तो सापडेल तर! डोळा लावला की नुसतं आभाळ. इकडे पाणी, तिकडे पाणी, पक्षी गुल.

माझ्या कॅमेऱ्याला लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो आणि मघाच्या दृश्याची चौकट पडद्यावर दिसत राहते. पक्षी चौकटीत आणायचा आणि बटण सोडायचं, लेन्स आपोआप पुढे जाते. वर्षभर मी ते बटण दिव्याचं समजत होते. असं बटण नसेल तर थोड्या झूमवर पक्षी मधोमध धरून मग हळूहळू पुढे जायचं, हाच उपाय. थेट टोकाच्या झूमवर शोधाशोध करू नये.

खंड्यासाठी शटरचा वेग 1/1600 सेकंद. तरी पंख हललेलेच आले, पण डोळा आणि चोचीची धार जागेवर. पन्नासातले तीन बरे. पुतण्या म्हणाला, वाईट नाही. तो त्याच्या दोन किलोच्या लेन्सने दर तिसरा फोटो पदरात पाडत होता, हे त्याने सांगितलं नाही. मी मागून पाहिलं.

किनाऱ्यालगत हळदीकुंकू बदकांची जोडी होती. काय नाव ठेवलंय कुणीतरी! चोचीच्या बुडाशी कुंकू आणि टोकाला हळद. ही निवांत बसली होती, त्यामुळे 1/250 वर भागलं. एका बगळ्याचा मात्र पांढरा डगला पार जळाला, पिसाची एक रेघ उरली नाही. पांढऱ्या पक्ष्याला उजेड पाऊण-एक पायरी कमी करायचा असतो, हे जळाल्यावर आठवलं.

तर्री पोहे खाऊन साडेनऊला निघालो. कामठी, कन्हानचा पूल, मनसर. मनसर ते खवासा या टप्प्यात महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो, आणि तिथे प्राण्यांसाठी रस्ताच उचलून धरलाय. वरून ट्रक, खालून चितळ. यातला सर्वांत लांब मार्ग 750 मीटरचा आहे. आम्ही मात्र त्याआधीच डावीकडे वळून पेंचचं सिल्लारी प्रवेशद्वार गाठलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता, आणि पानगळीत उघडी पडलेली कुल्लूची पांढरीफटक झाडं दुपारी बाराला सुद्धा भुतासारखी दिसत होती.

दुपारची सफारी. वहिनीने आदल्या रात्री जुन्या जीन्सचा एक पाय कापून, त्यात दोन किलो चणे भरून, दोन्ही तोंडं शिवून दिली होती. ही आमची बीनबॅग. जिप्सीच्या दांडीवर टाकली की कॅमेरा बरोबर खोबणीत बसतो, आणि खांद्यावर काहीच भार येत नाही. ट्रायपॉडला जिप्सीत जागा नसते, आणि असती तरी गाडीचा थरथराट त्याच्या पायांतून वर आलाच असता. तांदूळ, वाळू काहीही चालतं. चण्याला आवाज कमी येतो, असं वहिनीचं म्हणणं. मी तपासलेलं नाही.

चारच्या सुमारास वाघ दिसला.

गाईडने आधी वानरांचा आवाज ऐकला, मग चितळाचा. आम्ही पाणसाठ्याच्या काठाशी येऊन थांबलो. पाणी मागे हटलेलं, मधे उघडी, भेगाळलेली माती, आणि पलीकडच्या गवताच्या कडेला तो बसून. "ताई, तो पाहा. आरामात बसून राहिला." मी विचारलं, किती अंतर असेल? "दोनशे मीटर धरा." पुढे नेता येणार नाही, हेही त्याने न विचारता सांगितलं. 2024च्या शेवटच्या दिवशी उमरेड-करांडल्यात जिप्सींनी एका वाघिणीला पाच पिलांसह वाटेत कोंडलं होतं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून सगळे जपून असतात. असायलाच हवं.

आणि मला पुढे जायची गरजच काय? सुपरझूम कशासाठी घेतला? हिशेब असा: 1365 मिलिमीटरला दोनशे मीटरवर चौकटीत सव्वापाच मीटर रुंदीचं दृश्य मावतं. म्हणजे वाघ निम्मी चौकट भरून टाकतो. चालकाने इंजिन बंद केलं. बीनबॅग होती. वेग 1/1000, आयएसओ 200, छिद्र पूर्ण उघडं, फोकसची चौकट थेट तोंडावर. बटण अर्धं दाबलं, हिरवी खूण आली, श्वास सोडून तिथेच थांबले, आणि दहा फोटोंची लड सोडली. मग आणखी एक. मग आणखी एक. मागच्या पडद्यावर पाहिलं तर वाघ कातीव. मी दादाचा हात इतक्या जोरात दाबला की तो ओरडला असता.

मागचा पडदा हा लबाड असतो. तीन इंचांवर सगळंच सुबक दिसतं.

संध्याकाळी खोलीत लॅपटॉपवर पाहिलं. वाघ वाघाच्या जागी, पण त्याच्यावरून कुणीतरी ओलं फडकं फिरवलेलं. पट्टे नागमोडी. "हात हलला असेल माझा," मी म्हटलं. पुतण्याने लडीतले दहाही फोटो शेजारी शेजारी लावले आणि गंमत दाखवली. एकात डावा कान स्वच्छ आणि तोंड वितळलेलं. पुढच्यात तोंड बरं, तर शेपटी तुटक. तिसऱ्यात पाठीची रेषा लाटेसारखी. हात हलला असता तर सगळा फोटो एकाच दिशेला फरफटला असता. इथे प्रत्येक तुकडा वेगळा डुलत होता.

हे काम हवेचं. दिवसभर तापलेल्या त्या उघड्या मातीवरून गरम हवेचे पापुद्रे वर चढत होते, आणि गरम-थंड हवेतून जाताना प्रकाश थोडा थोडा वाकतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो, ती याच हवेची करामत. दोनशे मीटर अशी हवा मधे घेऊन मी वाघ पाहत होते. पुतण्याच्या लेन्सने काढलेला त्याचा वाघही वितळलेलाच होता. हे त्याने आपणहून दाखवलं, त्याबद्दल मी त्याचे आधीचे सगळे टोमणे माफ केले.

चिडचिड झालीच. झूम मी विकत घेतला, पण तो जिथे कामाला यायचा तिथेच हवा आडवी येते. मग 65 पट कशाला?

रात्री जेवून बाहेर अंगणात खुर्च्या टाकल्या. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला 2024च्या जानेवारीत डार्क स्काय पार्कची मान्यता मिळाली, देशातली पहिली. परिसरातले दिवे त्यासाठी खाली तोंड करून बसवलेत. मृग नक्षत्र इतकं ठसठशीत मी नाशिकला लहानपणी पाहिलं असेल, त्यानंतर नाही. कॅमेरा काढलाच नाही. तूरडाळीच्या दाण्याकडून ताऱ्यांची अपेक्षा कोण करणार?

दिवस तिसरा

सकाळच्या सफारीला थंडी होती. जिप्सीत शाल पांघरून बसलो. निघतानाच मी गाईडला सांगून टाकलं, "भाऊ, आज वाघ नाही दिसला तरी चालेल. जे जवळ दिसेल तिथं गाडी थांबवा, आणि थांबलात की आधी इंजिन बंद."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. वाघ नको म्हणणारे पर्यटक त्याला रोज भेटत नसावेत. पण मग तो खुलला. झाडं दाखवायला लागला: ऐन, धावडा, तेंदू. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, हे त्याचंच. मारुती चितमपल्ली 2025च्या जूनमध्ये गेले, त्यांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. जंगलातल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी आयुष्यभर वेचले. असे किती शब्द अजून या जिप्सींच्या पुढच्या सीटवर बसलेत, कोण जाणे.

पहिला थांबा पिंगळ्याचा. झाडाच्या ढोलीच्या तोंडाशी, पंधरा मीटरवर, अर्धे डोळे मिटून. उजेड कमी. पण पिंगळा हलत नव्हता, मग वेगाची चैन कशाला? 1/100 वर आणलं, कॅमेरा चण्यांत रुतवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बोटाचा धक्कासुद्धा नको. गाडीतल्या सगळ्यांना "हलू नका" म्हणून विनवलं. जिप्सी म्हणजे होडी असते, मागच्याने पाण्याची बाटली उचलली तरी पुढच्याचा फोटो जातो. सहा फोटो घेतले, चार उत्तम.

पुढे चितळांचा कळप, गवताआड. इथे कॅमेरा हट्टाने गवताच्या काडीवर फोकस करत राहिला आणि चितळ मागे धूसर. उपाय साधा निघाला. चितळाइतक्याच अंतरावर सागाचं एक खोड मोकळं होतं. त्याच्यावर अर्धं बटण दाबून फोकस धरला, तसाच धरून कॅमेरा चितळाकडे वळवला आणि मग बटण पूर्ण दाबलं. रोही, वेडा राघू, नीलपंख यांच्यात तास गेला. नीलपंख उडताना पकडायचा सोस केला आणि अकरा फोटोंत निळं काहीतरी आलं. ते जाऊ दे.

आणि मग वानरं. रस्त्याच्या कडेला पळसाखाली वीसेक वानरं पडलेली पळसफुलं वेचून खात बसली होती. आम्ही वीस मीटरवर थांबलो. पूर्ण झूमला या अंतरावर चौकट अर्ध्या मीटरच्या जराशी वर, म्हणजे एका वानराचं डोकं आणि खांदे. मधे हवा फक्त वीस मीटर, तीही गार आणि सावलीतली.

एक म्हातारी मादी आमच्याकडे तोंड करून बसली होती. चावताना जबडा हलायचा, गिळताना क्षणभर थांबायचा. चावणं, चावणं, चावणं, थांबा. मी तो ठेका मोजत बसले. 1/200, आयएसओ 400, फोकसची चौकट डाव्या डोळ्यावर. डोळा हुकला तर बाकी सगळं रेखीव असूनही उपयोग नसतो, आणि डोळा जमला तर बाकीचं खपून जातं. चौथ्या थांब्याला बटण दाबलं. एकेकच फोटो, लड नाही. लड सोडली की माझा कॅमेरा कार्डावर लिहीत बसतो आणि नेमका तेव्हा प्राणी काहीतरी करतो.

तिच्या काळ्या तोंडाभोवतीचे रुपेरी केस वेगवेगळे मोजता येतील असे आले. पापण्यांचे केस आले. खालच्या ओठाला पळसाची एक केशरी पाकळी चिकटलेली, तीवर शीर दिसते. बुबुळात आमची जिप्सी आहे, आणि जिप्सीवर चण्याची पिशवी, असं मला वाटतं. पुतण्या म्हणतो तो नुसता ठिपका आहे.

वाघ दिसला नाही. दुपारी नागपूरला परत.

दिवस चौथा

गाडी संध्याकाळची, म्हणून सकाळी गोरेवाडा. इथली भारतीय सफारी 26 जानेवारी 2021 ला सुरू झाली. बसमधून, कुंपणाच्या आतले प्राणी. दादाची इच्छा होती की मी वाघ न घेता जाऊ नये.

बसच्या काचेतून फोटो काढायचा तर लेन्स काचेच्या जितकी जवळ आणि जितकी सरळ नेता येईल तितकी न्यायची, तिरकी धरली की प्रतिबिंब आणि धूसरपणा दोन्ही येतात. पण काचेला टेकवायची नाही, बसचा सगळा थरथराट आत येतो. मी ओढणी लेन्सभोवती गुंडाळून फट बुजवली. वाघ वीस-पंचवीस मीटरवर सावलीत लोळत होता. झूम निम्माच वापरला, उजेड जास्त मिळाला. मिशांचा केस न् केस आला, नाकावरचा जुना ओरखडा आला. चार दिवसांतला माझा एकमेव रेखीव वाघ. मागच्या कोपऱ्यात कुंपणाच्या जाळीचा एक चौकोन.

घरी आल्यावर मोजदाद केली. 1,140 फोटो. ठेवण्याजोगे 23. त्यांतले 19 तीस मीटरच्या आतले, आणि सकाळी नऊच्या आधीचे 21. पूर्ण झूमवरचे फक्त सहा. वहिनीने तोवर जीन्सचा पाय उसवून चणे भिजत घातले होते. "धुतलेत मी," ती म्हणाली. "दोन किलो चणे का फेकून द्यायचे?"

विदर्भ एक्सप्रेस अजनी ओलांडून पुढे निघाली तेव्हा कुटुंबाच्या ग्रुपवर पाहिलं. दादाने गोरेवाड्याचा वाघ टाकला होता, जाळीचा कोपरा व्यवस्थित कापून. खाली लिहिलेलं, "आमच्या ताईने काढलेला पेंचचा राजा!!" सेहेचाळीस जणांचे हात जोडून झाले होते. नाशिकच्या मावसबहिणीने विचारलं होतं, किती जवळ गेली होतीस गं?

"पेंच नाही, गोरेवाडा. बसमधून," असं लिहून पाठवलं. रेंज गेली. सेवाग्रामपर्यंत एकच टिक दिसत राहिली. मग ती म्हातारी वानर पाठवली, नुसती, काही न लिहिता. वर्धा सुटल्यावर तिला तीन अंगठे आले. त्यातला एक वहिनीचा.